अपेक्षित वेतन

नोकरी बदलावी असे मनात येणे आणि ती प्रत्यक्ष बदलणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नवी नोकरी लागल्याची बातमी लोक आनंदाने सांगतात, जुनी सोडावीशी का वाटली तेही सांगतात. पण मधले ते आठवडे, ज्यांत माणूस एका कार्यालयात बसून दुसऱ्या कार्यालयाचा विचार करत असतो, रात्री घेतलेला निर्णय सकाळी मोडतो आणि दुपारपर्यंत पुन्हा घेतो, ते बहुतेक वेळा सांगायचेच राहून जातात. त्यांबद्दल तक्रार करायला संकोच वाटत असावा. बदल आपणच मागितलेला असतो, कोणी लादलेला नसतो. मग ताण कसला, असे ऐकणारा म्हणेल, आणि त्यावर आपल्यापाशी चटकन देता येईल असे उत्तर नसते.

असे उत्तर मला एका जुन्या यादीत सापडले. 1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटना निवडून, प्रत्येकीशी जुळवून घेताना माणसाची किती ओढाताण होते त्या मानाने तिला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, विवाहाला 50, नोकरीवरून काढून टाकले जाण्याला 47, आर्थिक स्थितीतल्या बदलाला 38, वेगळ्या प्रकारच्या कामाकडे वळण्याला 36, कामातल्या जबाबदाऱ्या बदलण्याला 29 आणि कामाच्या वेळा किंवा परिस्थिती बदलण्याला 20. या यादीतला सर्वांत मोठा शहाणपणा मला असा वाटतो, की तिने सुखाच्या आणि दुःखाच्या घटना वेगळ्या काढलेल्या नाहीत. आर्थिक स्थिती सुधारली काय आणि बिघडली काय, गुण तेवढेच. मनाजोगी नवी नोकरी मिळालेल्या माणसाच्या वाट्याला यांतले तीन-चार आकडे एकदम येतात, आणि त्यांची बेरीज सहज शंभराच्या पुढे जाते. अशी बेरीज ढोबळच असते, तिच्यावरून कोणी कोणाच्या दुःखाशी तुलना करू नये. पण आनंदाच्या बातमीनेही झोप का उडते एवढे तिने कळते. त्याच यादीत वरिष्ठांशी खटके उडण्याला अवघे 23 गुण आहेत. रोजचे खटके 23 आणि त्यांतून सुटण्यासाठी करायचा खटाटोप त्याच्या कितीतरी पट, हा हिशेब न मांडताही मनाला कळत असतो. वर्षानुवर्षे खटके सोसत त्याच खुर्चीवर बसून राहणारी इतकी माणसे आपल्याला दिसतात ती त्यामुळेच.

आहे तेथेच राहण्याकडे मनाचा जो कल असतो, त्याचा पद्धतशीर अभ्यास विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 1988 साली मांडला. तेच पर्याय लोकांपुढे ठेवले आणि त्यांतल्या एकावर 'सध्या चालू असलेला' एवढीच खूण केली, तर तो निवडणाऱ्यांची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. त्याआधी 1979 साली डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवले होते, की गमावण्याचे दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा माणसाला अधिक बोचते. पुढे हे प्रमाण साधारण दुप्पट मानले जाऊ लागले. नोकरीच्या बाबतीत याचा अर्थ फार रोखठोक आहे. जुन्या नोकरीत जे आहे ते डोळ्यांसमोर असते. कोणाकडे गेले की काम होते, कोणत्या बैठकीत गप्प बसायचे, कोणत्या वरिष्ठांचा राग दुपारनंतर ओसरतो, हे सारे आपण काही वर्षे खर्चून शिकलेलो असतो आणि राजीनाम्याबरोबर ते सर्व एका दिवसात निरुपयोगी होते. नव्या नोकरीतले लाभ मात्र अजून कागदावरच असतात. म्हणून दोन्ही पारडी समान दिसू लागली, की नवीन पारडे वास्तविक जड असावे असा तर्क मी करते. हा तर्क नेहमी बरोबर ठरेलच असे नाही, पण मन कोणत्या बाजूला झुकते आहे हे माहीत असताना तेवढी सूट धरणे मला रास्त वाटते.

यानंतर येतो तो लपवाछपवीचा काळ. या काळाची मला सर्वांत जास्त चीड आहे. कामाच्या वेळेत आलेला अनोळखी क्रमांकाचा फोन घेऊन जिन्याकडे जाणे, मुलाखतीसाठी रजा मागताना दवाखान्याचे कारण देणे, नेहमीपेक्षा जरा बरे कपडे घातले म्हणून शेजारच्या मेजावरून सहज आलेल्या थट्टेने दचकणे, आणि या सगळ्यात पुढच्या वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत बसून, आपण तेव्हा येथे नसू हे ठाऊक असताना, कामे अंगावर घेणे. वरिष्ठ वाईट असते तर हे सोपे गेले असते. त्यांनी आपल्याला कधी सांभाळून घेतलेले असते, एखाद्या चुकीवर पांघरूण घातलेले असते, आणि त्यांच्याशीच रोज अर्धे खरे बोलावे लागते. याला इलाज नाही, हे मी मान्य करते. हातात लेखी पत्र येण्याआधी सांगून टाकणाऱ्यांचे काय होते ते मी पाहिले आहे: नवी नोकरी काही कारणाने रद्द होते, आणि जुन्या ठिकाणी 'हे जाणारच आहेत' असा शिक्का कायमचा बसतो. गुप्तता आवश्यक आहे, पण तिचे ओझे आवश्यक आहे म्हणून हलके होत नाही. अनेकांना वाटते की या दिवसांतला थकवा मुलाखतींच्या तयारीचा असतो. माझ्या मते तो निम्म्याहून अधिक या नाटकाचा असतो.

मुलाखतींबद्दल येथे फार लिहीत नाही. त्या बऱ्या होतात किंवा वाईट होतात, आणि दोन्ही वेळा आपला अंदाज बहुधा चुकतो. मला लिहायचे आहे ते मुलाखती संपल्यानंतरच्या फोनबद्दल. त्या फोनमध्ये आपली भूमिका एका वाक्यात पालटते. आदल्या फेरीपर्यंत आपण परीक्षार्थी असतो. समोरच्यांना आवडावे, आपण नम्र, तत्पर, शिकायला तयार आहोत असे त्यांना वाटावे, अशी आपली सारी धडपड असते. मग एचआरमधून गोड आवाजात सांगितले जाते की निवड झाली आहे, आणि पुढच्याच वाक्यात विचारले जाते की अपेक्षा काय आहे. ज्या माणसाने कालपर्यंत आवडून घेण्याचे काम केले, त्याने आता घासाघीस करावी, अशी ही मागणी असते, आणि शरीर तिला सहजासहजी तयार होत नाही. त्यात समोर बोलणारी व्यक्ती हे काम महिन्यातून कित्येकदा करते, तिच्यापुढे त्या पदाचा मंजूर पगारपट्टा, म्हणजे किमान ते कमाल पगाराची मर्यादा, उघडा असतो, इतर उमेदवारांनी काय मागितले ते तिला माहीत असते. आपण मात्र हे सारे आयुष्यात मोजक्या वेळा करतो आणि माहिती म्हणाल तर मित्रांकडून ऐकलेले दोन-तीन आकडे. तिला आपला आकडा पटला नाही तर तिची एक फाइल लांबते. आपल्या दृष्टीने मात्र सारे भवितव्य त्या फोनवर टांगलेले असते. इतक्या असमान खेळात घशाला कोरड पडली, तर त्यात दुबळेपणाचा काही भाग नाही.

या ताणाचे खरे मूळ मात्र मला आणखी खोलवर दिसते. 'तुमची अपेक्षा किती' हा प्रश्न ऐकू येतो तो 'तुमची किंमत किती' असा. मग जास्त सांगितले तर गर्विष्ठ ठरू आणि कमी सांगितले तर स्वतःच स्वतःला स्वस्त ठरवू, अशा कात्रीत मन सापडते. पण पगार हा माणसाचा नसतो, जागेचा असतो, असे माझे मत अनेक वर्षांच्या नोकरीनंतर बनले आहे. त्या जागेवर कोणीही आले तरी कंपनीला अमुक इतके काम करून हवे असते, ते काम अडून राहिल्यास तिचे अमुक इतके नुकसान होते, आणि बाजारात ते काम करणारे कितपत सहज मिळतात यावरून त्या जागेसाठी एक पट्टा ठरतो. तो पट्टा आपला अर्ज पोहोचण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. आपण वाटाघाट करतो ती त्या पट्ट्यातल्या आपल्या स्थानाची. आपल्या गुणवत्तेचा, कष्टांचा आणि आईवडिलांनी दिलेल्या संस्कारांचा लिलाव तेथे चाललेला नसतो.

हे पटले की एक प्रश्न मात्र अधिकच खटकू लागतो, तो म्हणजे 'सध्या किती मिळते' हा. जागेचा पट्टा ठरलेला असताना माझा जुना पगार जाणून घेण्याचे कारण काय? कारण एकच असते: त्यावर काही टक्के चढवून पट्ट्याच्या तळाशी मला बसवता येते का, हे पाहणे. ज्याला पहिल्या नोकरीत, अडचणीच्या काळात, कमी पगारावर रुजू व्हावे लागले, त्याचा तो कमीपणा या पद्धतीने प्रत्येक पुढच्या नोकरीत त्याच्याबरोबर जातो. ही तक्रार माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 2016 साली कायदा करून, पगाराची बोली करण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारण्यास मालकांना मनाई केली आणि ती 2018 च्या जुलैपासून लागू झाली. कॅलिफोर्नियातली तशीच मनाई 2018 च्या जानेवारीत लागू झाली. युरोपीय संघाने 2023 साली वेतन-पारदर्शकतेचा जो निर्देश काढला, त्यात तर मागचा पगार विचारू नये एवढ्यावर न थांबता, आरंभीचा पगार किंवा त्याचा पट्टा उमेदवाराला आधीच सांगावा असेही म्हटले आहे, आणि सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणण्यासाठी जून 2026 ची मुदत दिली आहे. जेथे असा कायदा नाही तेथे प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर खोटे देऊ नये, कारण पगाराच्या पावत्या पुढे मागितल्या जातात. पण उत्तर देताना चर्चा तेथून हलवता येते. 'सध्याचा पगार एवढा आहे, पण ते काम वेगळे आहे. या जागेसाठी तुमचा पट्टा काय आहे ते कळले तर मला नेमके सांगता येईल' हे वाक्य मी आधी घरी मोठ्याने म्हणून पाहिले होते. मनातल्या मनात म्हटलेले वाक्य फोनवर निघत नाही, हा माझा अनुभव आहे.

आकडा आधी कोणी सांगावा, यावर दोन मते आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडचे परंपरागत मत, आणि पट्ट्याची काहीच कल्पना नसेल तर ते बरोबरच आहे. पण कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1974 साली नोंदवलेला एक प्रयोग याच्या उलट दिशेला बोट दाखवतो. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले. ते 10 किंवा 65 यांवरच थांबेल अशी योजना होती. मग लोकांना विचारले, की संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असावे. चक्रावर 10 पाहिलेल्यांचा मध्यवर्ती अंदाज 25 आला आणि 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा त्या प्रश्नाशी काहीएक संबंध नाही हे समोर दिसत असूनही पहिला आकडा डोक्यात रुतून बसला होता. अॅडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी 2001 साली हीच गोष्ट सौद्यांत तपासली तेव्हा पहिली बोली लावणारा सहसा फायद्यात राहतो असे दिसले. मात्र समोरच्याने आपले लक्ष्य किंवा दुसऱ्या बाजूचे पर्याय डोळ्यांपुढे ठेवले, की तो फायदा ओसरतो, हेही त्यांना आढळले, आणि हा दुसरा भाग पगाराच्या बोलण्यात मला अधिक उपयोगी वाटतो. कारण बहुतेक वेळा पहिला आकडा कंपनीचाच येतो. तो ऐकताक्षणी आपला मूळ आकडा लाजून मागे सरतो आणि 'बरे आहे की' असे वाटू लागते. म्हणून आपला आकडा फोनपूर्वी कागदावर लिहून समोर ठेवावा, आणि त्याखाली दुसरा, ज्याच्या खाली गेले तर नम्रपणे नकार द्यायचा तो. असा लिहिलेला कागद पाहताना आवाज थोडा कमी कापतो.

आकडा सांगून झाल्यावर गप्प बसणे हे या साऱ्यातले सर्वांत अवघड काम आहे. पलीकडून लगेच उत्तर येत नाही, कारण तेथे कोणीतरी टिपून घेत असते किंवा नुसते थांबलेले असते, आणि त्या चार-दोन क्षणांत आपण स्वतःच 'अर्थात थोडे कमी-जास्त चालेल' म्हणून मोकळे होतो. समोरच्याने काही न मागता दिलेली ही सवलत असते. मागणीबरोबर कारण द्यावे आणि ते जागेचे असावे. घरभाडे वाढले, कर्ज आहे, ही कारणे खरी असली तरी त्यांनी कंपनीचा पट्टा हलत नाही.

मागणी कशाची करायची, यात तर अनेकदा ताकाला जाऊन भांडे लपवले जाते. लोक वाढीची टक्केवारी सांगतात आणि ऐकतात, पण ती कशावर मोजली ते कोणी विचारत नाही. आज वर्षाला 100 एकक पगार मिळतो आणि तो सगळा निश्चित आहे असे धरू. नव्या ठिकाणी 130 मिळणार, म्हणजे तीस टक्के वाढ. पण त्या 130 मध्ये 25 कामगिरीवर अवलंबून असतील, तर हमखास हातात येणारे 105 च, आणि उरलेल्या रकमेचा निर्णय ज्या वरिष्ठांवर आहे त्यांना आपण अजून भेटलेलोही नाही. रुजू होताना एकदाच मिळणारा बोनस असाच फसवा असतो. तो घ्यावा, जरूर घ्यावा, पण ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करण्याची अट पत्रात आहे का ते पाहून, आणि मूळ पगारातली वाढ त्याच्या बदल्यात सोडून न देता. मूळ पगारात पाच एककांचा फरक पडला आणि दोन्ही बाजूंना दरवर्षी आठ टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांत त्या पाचाचे एकूण सुमारे 72 होतात; म्हणजे आजच्या 100 एककांच्या हिशेबाने साडेआठ महिन्यांहून अधिक पगार. एका अवघडलेल्या फोनवरच्या मौनाची एवढी किंमत असू शकते. समभाग मिळणार असतील तर ते किती वर्षांत आणि कोणत्या टप्प्याने हाती येतात, मुदतपूर्व सोडल्यास त्यांचे काय होते, परिवीक्षा काळ किती, नोटीस पिरिअड दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकट्या कर्मचाऱ्यावर लांबलचक लादलेला आहे, स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी आहे का, आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून आहे का, हे सारे विचारले तर कोणी रागावत नाही. पगारपट्टा खरोखरच संपला असेल तेव्हा सवलत मिळते ती नेमकी याच गोष्टींत: पदनाम, रुजू होण्याची तारीख, घरून काम करण्याचे दिवस, पहिला आढावा वर्षाऐवजी सहा महिन्यांनी घेण्याचे लेखी आश्वासन.

हे सगळे सल्ले सर्वांना सारखे लागू पडत नाहीत, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेइ लाय यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पगार वाढवून मागणाऱ्या उमेदवारांबद्दल मूल्यमापन करणाऱ्यांचे मत पाहिले गेले. मागणी केल्याने स्त्री उमेदवाराबरोबर काम करण्याची इच्छा जितकी घटली, तितकी पुरुष उमेदवाराच्या बाबतीत घटली नाही. म्हणजे 'स्त्रिया मागतच नाहीत' असे जे शेरे मारले जातात, त्यात मागितल्यावर कोणाला काय भोगावे लागते हा भाग गाळलेला असतो. मलाही एका ठिकाणी 'पैशांबद्दल तुम्ही फारच स्पष्ट आहात' असे हसत सांगण्यात आले होते, आणि त्याच आठवड्यात रुजू झालेल्या एका पुरुष सहकाऱ्याच्या घासाघिशीची गोष्ट त्याच कार्यालयात कौतुकाने सांगितली जात होती. मी मागणे सोडले नाही. मात्र तेव्हापासून मी आकड्याची बाजू शक्यतो लेखी मांडते. लिहिलेल्या मजकुराला आवाज नसतो, त्यामुळे तो चढल्याचा आरोपही होत नाही.

तोंडी होकार आणि लेखी पत्र यांच्यामधल्या दिवसांसाठी खरे तर वेगळा लेख हवा. 'दोन दिवसांत पाठवतो' हे आश्वासन द्यायचे म्हणून दिलेले असते. पत्रावर सही करणारे दौऱ्यावर असतात, अर्थ विभागाची मंजुरी राहिलेली असते, आणि कधीकधी कंपनी दुसऱ्या उमेदवाराच्या उत्तराची वाट पाहत असते, हे आपल्याला कधीच कळत नाही. या दिवसांत मेल पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याने काही होत नाही, तरी आपण पाहतोच. उलट पत्र आले, की त्यावर तीन दिवसांत उत्तर द्या अशी घाई असते. ही मुदत बहुतेक वेळा वाढवून मिळते; ज्या कंपनीने आपल्याला निवडायला दीड-दोन महिने घेतले, तिला आणखी आठवडाभराने फारसा फरक पडत नाही. मुदत वाढवून मागताच कोणी पत्रच मागे घेण्याची भाषा केली, तर तेथील दिवस कसे जातील याची झलक रुजू होण्याआधीच फुकट मिळाली असे मी समजेन.

राजीनामा देण्याचा प्रसंग आधी वाटतो तेवढा भयंकर नसतो. वरिष्ठ थोडे गप्प होतात, कारण विचारतात, आणि मग कधी त्याच दिवशी, कधी दोन दिवसांनी काउंटर ऑफर, म्हणजे थांबावे म्हणून दिलेला नवा प्रस्ताव, येते. तिच्यात पगारवाढ असते, कधी बढतीही असते, आणि आपल्याबद्दल अशा गोष्टी बोलल्या जातात ज्या वार्षिक आढाव्यात ऐकायला मिळाल्या असत्या तर आपण कदाचित बाहेर पाहिलेही नसते. या क्षणी माणूस हेलावतो, आणि हेलावणे स्वाभाविक आहे. पण आपण कालही तेच काम तेवढ्याच मन लावून करत होतो. त्या दोन दिवसांत बदलले ते एवढेच, की आपण गेल्यावर ती जागा रिकामी राहण्याचा खर्च कोणीतरी पहिल्यांदाच मांडून पाहिला. पगार जागेचा असतो या माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही. म्हणून काउंटर ऑफर अपमानकारक आहे असे मी म्हणत नाही. ज्याची तक्रार केवळ पैशांची होती त्याने ती खुशाल घ्यावी. पण कारणे लिहून काढली तर ती बहुधा वरिष्ठांची पद्धत, कामातला तोचतोपणा, पुढचा रस्ता बंद असणे अशी निघतात, आणि त्यांतले एकही पगाराच्या पावतीवर छापता येत नाही.

नोटीस पिरिअडबद्दल एकच सांगते: त्या काळात आपले महत्त्व किती वेगाने ओसरते ते पाहणे थोडे करमणुकीचे असते. बैठकांची निमंत्रणे थांबतात, हँडओव्हरच्या फाइली कोणी उघडत नाही, आणि निरोपाच्या भाषणात आपल्याला न ओळखणारा कोणीतरी आपले गुण सांगतो.

नव्या ठिकाणी सुरुवातीचे काही महिने सारे छान वाटते आणि मग एक दिवस अचानक वाटेनासे होते. वेंडी बॉसवेल, जॉन बुद्रो आणि जॅन टिची यांनी 2005 साली व्यवस्थापकांच्या पाहणीतून हेच नोंदवले: नोकरी बदलण्याआधी समाधान घसरलेले असते, बदलल्यावर ते एकदम उंचावते आणि पुढे पुन्हा खाली येते. ही पाहणी मला माहीत असती, तर ती घसरण सुरू झाल्यावर 'आपण आगीतून फुफाट्यात पडलो' या विचाराने मी जागून काढलेल्या काही रात्री वाचल्या असत्या. दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा प्रयोग आहे. मोठ्या निर्णयापाशी अडलेल्या हजारो स्वयंसेवकांना त्यांनी संगणकावर नाणे उडवून दिले आणि नंतर त्यांची विचारपूस केली. सहा महिन्यांनी, नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या बाबतीत बदल केलेले लोक न केलेल्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले. नाण्यावर निर्णय सोपवण्याइतपत जे आधीच अडलेले होते त्यांचेच हे निष्कर्ष आहेत, हे विसरू नये. तरी इतके दिवस अडून राहणे हीच एक खूण असावी, अशी शंका त्यावरून येते.

आता कधीकधी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. मध्यंतरी आमच्या विभागातल्या एका जागेसाठी माणूस घ्यायचा होता. त्या जागेचा पट्टा जाहिरात निघण्याच्या कितीतरी आधी मंजूर झाला होता, आणि तो मंजूर करणाऱ्यांपैकी कोणीही नंतर उमेदवारांना भेटले नाही. निवडलेल्या तरुणाने जो आकडा सांगितला तो पट्ट्याच्या मधोमध होता. तरीही थोडे कमी सांगून पाहू, असे एचआरचे म्हणणे पडले, कारण त्याचा जुना पगार बराच कमी होता. कमी आकडा त्याला कळवण्यात आला. त्याने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची मेल पाठवली: जाहिरातीत दिलेल्या जबाबदाऱ्या या आहेत, त्यांतल्या या दोन मी आज स्वतंत्रपणे सांभाळतो, म्हणून माझा आकडा तोच आहे, आणि तो मान्य झाल्यास पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी रुजू होऊ शकेन. मेलमध्ये जुन्या पगाराचा उल्लेख नव्हता. ती माझ्याकडे आली तेव्हा मी एचआरला फोन लावला, पट्ट्यात बसते आहे ना एवढे विचारले, आणि पुढच्या पाच मिनिटांत मंजुरी झाली. त्याने मात्र ती मेल लिहिण्यात रात्र घालवली होती, असे पुढे त्यानेच सांगितले.